तेलात भिजलेली रापण

पोलीस खात्यातल्या नोकरीत शेकडो प्रकरणे हाताखालून गेली. बहुतेकांचे तपशील आता एकमेकांत मिसळले आहेत. देवबागच्या किनाऱ्यावर आलेल्या तेलाचे प्रकरण मात्र आजही मला पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत सलग आठवते. त्यात खून नव्हता, दरोडा नव्हता, वर्तमानपत्रात चार ओळीही आल्या नसतील. पण त्यात माझ्या हातून एक चूक झाली आणि ती निस्तरताना मी जे शिकलो ते ट्रेनिंग स्कूलमध्ये कोणी शिकवले नव्हते. संबंधितांपैकी काही हयात असतील, त्यांची मुले-नातवंडे तर नक्कीच आहेत, म्हणून नाव कोणाचेच घेत नाही.

गोवा मुक्त होऊन वर्ष-दीड वर्ष झाले होते. सिंधुदुर्ग जिल्हा तेव्हा नव्हता. मालवण रत्नागिरी जिल्ह्यात होते आणि आमचे डी. एस. पी. साहेब रत्नागिरीला बसत. मी साताऱ्याकडचा. फौजदार म्हणून मालवणला येऊन मला आठ महिने झाले होते आणि नोकरीत येईपर्यंत मी समुद्र पाहिलाही नव्हता. ठाण्याचे काम तसे ठरलेले असे. दारूबंदीच्या केसेस, माडांच्या हद्दीवरून झालेली डोकेफोड, मुंबईला गेलेल्या नवऱ्याचे सहा महिन्यांत पत्र नाही म्हणून आलेली एखादी बाई. सकाळी हजेरी, मग स्टेशन डायरी, मग ज्याच्या त्याच्या वाट्याची गस्त.

पौषातली एक सकाळ. हजेरी नुकतीच संपली होती. ठाण्याच्या आवारात साठ-सत्तर माणसे येऊन उभी राहिली. देवबागचे रापणकार होते. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे. ते एका माणसाचे कधीच नसते. प्रत्येक घर आपापला जाळ्याचा तुकडा आणते, ते तुकडे जोडून एक रापण होते आणि दोर ओढायला जो हात लावेल त्याला मासळीत वाटा मिळतो. त्या माणसांच्या हातांना कोपरापर्यंत काळे फासल्यासारखे दिसत होते. बायकांची लुगडी गुडघ्यांपर्यंत काळी झाली होती. त्यांच्याबरोबर आवारात एक वास शिरला. डांबर आणि कुजलेली मासळी एकत्र केल्यासारखा.

त्यांचा म्होरक्या, म्हणजे रापणीचा तांडेल, साठीचा उंच माणूस होता. त्याने सांगितलेली हकीकत अशी. पहाटे बांगड्याचा थवा किनाऱ्याजवळ दिसला. होडीने फेर धरून रापण टाकली. दोन्ही बाजूंनी दोर ओढायला सुरुवात झाली तेव्हा जाळे नेहमीपेक्षा जड लागले. लोकांना आनंद झाला, मासळी भरपूर आहे असे वाटले. जाळे वाळूवर आले तेव्हा ते पूर्ण काळे होते. बांगडे काळे, दोर काळे, ओढणाऱ्यांचे पाय काळे. उजाडल्यावर पाहिले तर खाडीच्या मुखापासून अर्ध्या मैलापर्यंत पाण्यावर जाड काळी साय धरली होती. भरतीबरोबर ती खाडीतही शिरली होती आणि तिसरे, म्हणजे खाडीतले खायचे शिंपले, वेचायला गेलेल्या बायका रिकाम्या टोपल्यांनी परत आल्या होत्या. सुती जाळे होते. त्यातून ते तेल निघणे शक्य नव्हते.

तांडेल बोलत असताना मागून एक बाई पुढे आली. विधवा होती. तिच्या नवऱ्याच्या मागे तिच्याकडे रापणीतला तेवढा एक तुकडा उरला होता, हे मला नंतर कळले. ती म्हणाली, “सायबानू, शिमग्यापर्यंत आमचा पोट त्या जाळ्यात होता. आता आमी काय खावचा, ता तुमीच सांगा.”

मी तक्रार लिहून घेतली. पंचनाम्याला हवालदारांना पाठवले. स्वतः गेलो नाही. माझ्या चुकीची सुरुवात इथे झाली. समुद्रातल्या कामातले मला काही कळत नाही, हवालदार इथले आहेत, ते पाहतील, असा विचार मी केला.

दुपारी खबर आली. खबर घेऊन आलेला माणूस त्या वेळी किनाऱ्यावर सगळ्यांच्या माहितीचा होता. आदल्या पावसाळ्यात एक परदेशी मालवाहू आगबोट देवबागच्या बाहेरच्या खडकांवर चढून फुटली होती. माणसे वाचली. मालकांनी बोट मोडीत काढली आणि मुंबईच्या एका कंत्राटदाराने ती तोडायला घेतली. त्याची तीसेक माणसे किनाऱ्यावर माडाच्या झापांच्या खोपीत राहत आणि रोज होड्यांनी जाऊन पत्रे कापत. त्यांचा मुकादम माझ्यासमोर बसला होता. पन्नाशीचा, स्वच्छ कपड्यांतला, हळू आवाजात बोलणारा गृहस्थ. तो म्हणाला की आदल्या दिवशी सकाळी त्याने इंजिनवाल्याला खडकांजवळ होडी थांबवून डब्यातून काळे तेल पाण्यात ओतताना पाहिले. लोकांचे एवढे नुकसान झालेले पाहवले नाही म्हणून सांगायला आलो, असेही म्हणाला.

इंजिनवाला म्हणजे त्या किनाऱ्यावरचा पहिला माणूस, ज्याने मासेमारीच्या होडीला इंजिन बसवले. ख्रिस्ती, पस्तिशीचा. चौदा वर्षे परदेशी बोटींच्या इंजिनखात्यात नोकरी करून परत आला होता. त्याच्या इंजिनाच्या आवाजाने मासळी पळते, असे रापणकारांचे म्हणणे होते. त्यावरून दोनदा बाचाबाची होऊन प्रकरण ठाण्यापर्यंत आलेही होते. त्यामुळे मुकादमाचे सांगणे मला चटकन पटले. माझ्या मनात ज्याचे नाव आधीच होते, तेच त्याने घेतले.

संध्याकाळच्या आत इंजिनवाला ठाण्यात होता. देवबागहून त्याला आणताना दोन शिपायांमध्ये चालवत, बाजारातून आणले. रापणकार दुतर्फा उभे होते. गर्दी हात उचलेल अशी भीती होती, म्हणून शांततेसाठी त्याला रात्रभर ठाण्यात ठेवायचे असे मी ठरवले आणि डायरीत तशी नोंद केली.

चौकशी मीच केली. ठाण्यात आल्यावर तो जमेल तसे शुद्ध मराठी बोलत होता. इंजिनाचे जुने तेल तो काढतो हे त्याने लगेच कबूल केले. ते तो डब्यात साठवतो आणि होडीच्या लाकडाला लावतो. आदल्या दिवशी तो खडकांकडे गेला होता का, या प्रश्नाला त्याने होय म्हटले. तिथे काय करत होतास, तर गळ टाकून बसलो होतो. तेल ओतलेस का, तर नाही. मी तोच प्रश्न सात-आठ वेळा वेगवेगळ्या शब्दांत विचारला. शेवटी त्याचे शुद्ध मराठी सुटले.

“साहेब, ह्या तेल माझ्या इंजिनाचा न्हय,” तो म्हणाला. “आगबोटीच्या बॉयलरात जाळतत, ता तेल ह्या. माझ्या इंजिनातला सगळा तेल ओतला तरी एक कळशी भरूची नाय.”

ते मी जबाबात लिहिले. लिहिले, पण ऐकले नाही. लिहिणे आणि ऐकणे ही दोन वेगळी कामे आहेत हे मला तेव्हा कळत नव्हते. “उलट उत्तर देतोस?” म्हणून हवालदारांनी त्याला एक थप्पड मारली आणि मी कागदावरून मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ठाण्यात आलो तेव्हा त्याची बायको पायरीवर बसली होती. हातात पेजेचे भांडे होते. रडत नव्हती. मला पाहून उठली आणि म्हणाली, “तेंका आता सोडलास तरी चलात. होडी फोडली.” पहाटे कोणीतरी होडीचा तळ कुऱ्हाडीने फोडला होता, इंजिनाचे नळ तोडले होते आणि आत वाळू भरली होती. माणूस मी कोठडीत सुरक्षित ठेवला होता. होडी बाहेर होती, तिचा विचार माझ्या मनात आला नव्हता.

मी सायकल काढली आणि देवबागला निघालो. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मध्ये वाळूची अरुंद पट्टी, असे ते गाव आहे. आधी फुटलेली होडी पाहिली. तिच्या फळीखाली जुन्या तेलाचा डबा तसाच होता, अर्धा भरलेला. तो मी पंचांसमक्ष ताब्यात घेतला. मग रापण पाहायला गेलो. ती वाळूवर पसरली होती, कावळेसुद्धा जवळ जात नव्हते. मी हाताने जाळे उचलले. तेल बोटांना चिकटले आणि खाली ओघळेना. आमच्याकडे गुऱ्हाळात काकवी असते तसे जाड. डब्यातले तेल मी तिथेच शिंपल्यात ओतून पाहिले. तेही काळे होते, पण पातळ. शिंपला कलता केला की पाण्यासारखे पळत होते. दोन्हींत फरक आहे हे सांगायला तज्ज्ञाची गरज नव्हती. आदल्या दिवशी मी इथे येऊन जाळ्याला हात लावला असता तर हे तेव्हाच कळले असते.

माझे हात साबणाने स्वच्छ झाले नाहीत. रॉकेलने पुसले तरी नखांत काळे राहिले आणि पुढचे चार दिवस घासाबरोबर तो वास नाकात येत राहिला.

ठाण्यात परतल्यावर मी आदल्या दिवशीचा जबाब काढला. माझ्याच अक्षरात लिहिले होते की हे आगबोटीच्या बॉयलरचे तेल आहे. त्या किनाऱ्यावर आगबोट एकच होती. मी इंजिनवाल्याला कोठडीतून बाहेर काढले, समोर खुर्ची दिली आणि विचारले की फुटलेल्या बोटीत असे तेल किती असेल.  तो म्हणाला की टाक्या पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही, पण तेवढ्या मोठ्या बोटीत ते पिंपांनीच मोजावे लागेल. त्याला मी घरी जाऊ दिले. तो मागच्या दाराने, माडांच्या वाटेने गेला. तसे जायला मीच सांगितले होते.

आता मला बोटीवर जायचे होते, पण कोणत्या कायद्याने? सरकारी वकिलांना विचारले. त्यांनी पुस्तक उघडून दाखवले. पाणी घाण करण्याचे कलम होते, पण ते सार्वजनिक झरा किंवा तलाव अशा पाण्यापुरते होते. समुद्राचा त्यात उल्लेख नव्हता. “फौजदार, समुद्रात कोणी काय टाकले यावर तुमच्याकडे गुन्हा नाही,” ते म्हणाले. तेव्हा खरोखरच तशी परिस्थिती होती.

मी पुन्हा देवबागला गेलो आणि तांडेलाला ही अडचण सांगितली. कायद्याच्या दृष्टीने हा समुद्र कोणाचा, हेच ठरत नाही, म्हणालो. तो माणूस शाळेत गेलेला नव्हता. तो त्या खराब रापणीशेजारी वाळूत बसला होता. तो म्हणाला, “दर्या आमचो म्हणान कोण सांगता, सायबानू? दर्या देवाचो. जाळा मात्र आमचा आसा.”

परतीच्या वाटेवर माझ्या डोक्यात तेवढेच वाक्य होते. पाण्याचा गुन्हा होत नसेल, पण जाळे ही मालमत्ता आहे. तिची किंमत कमी होईल किंवा ती निकामी होईल, हे ठाऊक असताना केलेले कृत्य म्हणजे कायद्याच्या भाषेत आगळीक. तिला कलम आहे, शिक्षा आहे. गुन्हा अदखलपात्र होता, म्हणजे मॅजिस्ट्रेटच्या हुकमाशिवाय मला तपास करता येत नव्हता. दुसऱ्या दिवशी कोर्ट उघडताच मी अर्ज घेऊन उभा राहिलो. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी अर्ज दोनदा वाचला, माझ्या काळ्या नखांकडे पाहिले आणि तपासाचा हुकूम दिला.

बोटीवर मुकादमाने माझे चांगले स्वागत केले. मुख्य टाकी दाखवली. रिकामी होती. त्याचे उत्तर तयार होते. बोट तोडण्यापूर्वी टाकीतले तेल पिंपांत भरून मुंबईला पाठवायचे, अशी बंदर कचेरीची अट होती. त्यासाठी मुंबईहून कोरी लोखंडी पिंपे आणली होती. पंधरा दिवसांपूर्वीच पिंपे भरून गलबताने रवाना केली, टाकी तेव्हापासून रिकामी आहे. गलबत कोणते, तर गुजरातकडचे, नाव आठवत नाही. मी टाकीच्या भिंतीवरचे तेल खरवडून सीलबंद केले, जाळ्याचा तुकडा आणि इंजिनवाल्याचा डबा सीलबंद केला आणि तिन्ही मुंबईला रासायनिक तपासणीला पाठवले. उत्तर यायला कित्येक आठवडे लागणार होते आणि आले तरी तेवढ्याने भागणार नव्हते. तेल टाकीतलेच आहे असे ठरले तरी मुकादम म्हणू शकत होता की बोट फुटली तेव्हाच थोडे सांडले असेल. पिंपे भरलीच नाहीत हे मला सिद्ध करायचे होते आणि पिंपे किनाऱ्यावर कुठेही नव्हती.

तीन आठवडे असेच गेले. खोपीतल्या मजुरांनी तोंड उघडले नाही. त्यांची रोजी मुकादमाच्या हातात होती. डी. एस. पी. साहेबांनी रत्नागिरीला बोलावून विचारले की समुद्रातल्या तेलासाठी एक फौजदार किती दिवस घालवणार आहे. इंजिनवाल्याविरुद्ध पुरावा असेल तर त्याच्यावर खटला भरा, नसेल तर कागद बंद करा, असे त्यांचे म्हणणे. मी मुदत मागितली. ते रागावले, पण त्यांनी मुदत दिली. या सबंध काळात देवबागच्या लोकांच्या मते आरोपी इंजिनवालाच होता. तेल त्याने ओतले आणि फौजदाराला गप्प केले, असे बोलले जात होते. त्याच्या बायकोला विहिरीवर कोणी कळशी भरू देत नव्हते.

त्या सुमारास आंगणेवाडीच्या जत्रेची तारीख ठरली आणि बंदोबस्ताची जागा पाहायला मला मसुऱ्याला जावे लागले. दुपारी तिथल्या पोलीस पाटलांकडे जेवायला थांबलो. हात धुवायला मागच्या पडवीत गेलो तर कोपऱ्यात एक लोखंडी पिंप उभे होते. नवे, पिवळा पट्टा ओढलेले, झाकणाजवळ क्रमांक ठोकलेला. पाटलांची पत्नी झाकण काढून सुपाने भात काढत होती. आमच्या घाटावर धान्य कणगीत ठेवतात, इकडेही तीच रीत, म्हणून भात पिंपात का, असे मी सहज विचारले.

“उंदीर कणगीत काय ठेवीत नाय हो,” त्या म्हणाल्या. “ह्या पिंप इला आणि माझो घोर गेलो.”

मी विचारले, आधी यात काय होते?

“काय नाय. नवा कोरा होता, धुवूक पण लागला नाय. वास येणारा असता तर मी त्यात भात घातलंय असतंय काय?”

माझे जेवण पानात राहिले. पिंप देवबागच्या आगबोटीवरच्या मुकादमाकडून घेतले होते. मसुऱ्यात आणखी आठ-दहा घरांनी घेतली होती, वालावलकडेही काही गेली होती. ज्या तेलाने माझी नखे अजून काळी होती, ते तेल एकदा भरलेल्या पिंपात जगातल्या कोणत्याही बाईने भात ठेवला नसता. आणि गलबताने मुंबईला गेलेले पिंप बैलगाडीने मसुऱ्याला येत नाही.

पुढचे चार दिवस मी आणि हवालदार घरोघर फिरत होतो. प्रत्येक ठिकाणी पंचनामा, पिंपावरचा क्रमांक, घरमालकाचा जबाब. लोक पिंप द्यायला तयार नव्हते, आणि त्यांचे बरोबरच होते. भात कुठे ओतायचा? पाटलीणबाईंना तर मी हात जोडले. त्या म्हणाल्या की देवबागच्या बायकांचे जाळे गेले असेल तर पिंप न्या, पण उंदरांचा बंदोबस्त कोण करणार तेही सांगा. शेवटी त्यांनी भात कणगीत ओतला. बंदर कचेरीत पिंपे उतरवून घेतल्याचा कागद होता. त्यातले क्रमांक आणि आम्ही जमवलेले क्रमांक एकाला एक जुळले. एकाही पिंपाला तेलाचा थेंब लागलेला नव्हता.

मुकादमाला मी सकाळी अकरा वाजता ठाण्यात बोलावले. त्याच्यावर हात टाकायचा नाही आणि आवाज चढवायचा नाही, हे मी हवालदारांना आधीच बजावले होते. खोलीच्या मध्यभागी पाटलांचे पिंप ठेवले होते. मी त्याला विचारले की तेल भरून पाठवलेली पिंपे ती हीच का. त्याने पट्टा पाहिला, क्रमांक पाहिला आणि म्हणाला, अशीच होती. मी त्याला बाही वर करून हात आत, तळापर्यंत घालायला सांगितले. त्याने घातला. बाहेर काढलेल्या हाताला भाताचे तूस आणि पांढरी धूळ लागली होती.

मी माझा हात टेबलावर त्याच्यासमोर ठेवला. नखांतले काळे अजून पुरते गेले नव्हते. मी काही बोललो नाही. तो आपल्या हाताकडे पाहत राहिला. ठाण्यात अशी शांतता मी फार वेळा अनुभवली आहे. अशा वेळी अधिकाऱ्याने बोलू नये. बोललेला प्रत्येक शब्द समोरच्याला नवे उत्तर रचायला वेळ देतो.

बऱ्याच वेळाने तो म्हणाला, “एवढ्या मोठ्या समुद्रात काय कळणार आहे, असं वाटलं, साहेब.”

मग त्याने सगळे सांगितले. थंडीत तेल घट्ट झाले होते, पंप ओढत नव्हता. पिंपे भरायला महिना लागला असता आणि कंत्राटदाराला पावसाआधी बोट मोकळी हवी होती. टाकीचे झाकण काढून खालून समुद्राचे पाणी आत घेतले. भरतीने तेल वर उचलून बाहेर टाकले. सकाळचा मतलई वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो, तो तेल बाहेर नेईल असा त्याचा अंदाज होता. वाऱ्याने नेलेही, पण दुपारी वारा फिरला आणि संध्याकाळपर्यंत ते सगळे खाडीच्या तोंडाशी परत आले. त्या सकाळी इंजिनवाला खडकांजवळ गळ टाकून बसला होता. त्याने टाकी पाहिली असेल, या भीतीने मुकादमाने आधीच त्याचे नाव पुढे केले. त्याने पाहिलेच नव्हते. तो दुसऱ्या बाजूला तोंड करून बसला होता.

कंत्राटदाराने तोंडी सांगितले असते तर तो सुटला असता. पण मुकादमाच्या ट्रंकेत त्याचे पत्र निघाले. पिंपांची वाट पाहू नका, टाकी मोकळी करा, एवढा मजकूर. हे पत्र फाडले का नाही, असे मी विचारले. तो म्हणाला, “तीस वर्षं मुकादमकी केली, साहेब. हुकमाचा कागद मी कधी फाडत नाही. वरचा माणूस कधी पालटेल, सांगता येत नाही.” गुन्हेगार एकत्र असतात ते एकमेकांवर विश्वास असतो म्हणून नव्हे, हे मी त्या दिवशी लिहून ठेवले.

रासायनिक अहवाल आला. जाळ्यातले आणि टाकीतले तेल एक, डब्यातले वेगळे. खटला वर्षभर चालला. मुंबईच्या वकिलांनी समुद्र कोणाचा यावर पुष्कळ युक्तिवाद केला. आमचे म्हणणे शेवटपर्यंत एकच होते की आम्ही समुद्राबद्दल बोलतच नाही, जाळ्याबद्दल बोलतो आहोत. त्या विधवेची साक्ष सगळ्यांत लहान झाली. आपल्या तुकड्याची गाठ आपण स्वतः मारलेली असल्याने ती शंभरांत ओळखू, असे तिने सांगितले आणि कोर्टात ती ओळखून दाखवली. मुकादम आणि कंत्राटदार, दोघांनाही शिक्षा झाली. दंडातून रापणकारांना नव्या जाळ्यांची भरपाई मिळाली.

पण मला आठवतो तो निकालाचा दिवस नव्हे, मुकादमाने कबुली दिली त्याच्या दुसऱ्या दिवसाची सकाळ. मी इंजिनवाल्याच्या घरी गेलो. तो अंगणात इंजिनाचे भाग रॉकेलमध्ये धूत बसला होता. वाळू एकेका फटीतून काढत होता. मी त्याला खरा प्रकार सांगितला. होडी फोडणाऱ्यांविरुद्ध तक्रार दे, मी स्वतः तपास करतो, म्हणालो. त्याने नकारार्थी मान हलवली. नावे त्याला माहीत होती. मलाही अंदाज होता. पण त्या लोकांच्या शेजारी त्याला आयुष्य काढायचे होते. मग मी त्याची माफी मागितली. कोठडीसाठी, थपडेसाठी, होडीसाठी.

तो हातातला भाग पुसत राहिला. मग म्हणाला, “सायबानू, माफी तुमी हयसर मागतास. माका एकट्याक. धरून न्हेलास तेव्हा सगळो गाव बघी होतो.”

मी तिथून निघालो आणि सायकल हातात धरून बराच वेळ चालत राहिलो. वरिष्ठांना विचारले असते तर त्यांनी नको म्हटले असते, म्हणून विचारले नाही. पुढच्या बाजाराच्या दिवशी मी पूर्ण गणवेश घातला, हवालदारांना बरोबर घेतले आणि देवबागला त्याच्या घरी गेलो. त्याला म्हणालो, चल. तो निघाला, मागून त्याची बायकोही आली. ज्या रस्त्याने त्याला आणले होते त्याच रस्त्याने, भर बाजारातून, मी त्याच्या शेजारी चाललो. मासळीच्या ओट्यापाशी रापणकार होते. तांडेल होता. मी थांबलो आणि मोठ्याने सांगितले की तेल या माणसाने टाकलेले नाही, ते कोणी टाकले हे सापडले आहे, आणि याला पकडणे ही माझी चूक होती. त्याने पहिल्याच दिवशी खरे सांगितले होते, मी ऐकले नाही.

 लोकांनी माना खाली घातल्या. माझे हवालदार, ज्यांनी थप्पड मारली होती, टोपी हातात घेऊन उभे होते. त्यांना मी तसे सांगितले नव्हते. थोड्या वेळाने ती विधवा उठली, पाटी बाजूला सारून तिने इंजिनवाल्याच्या बायकोला आपल्या शेजारी जागा करून दिली. बाजाराचा व्यवहार पुन्हा सुरू झाला. इंजिन दुरुस्त व्हायला चैत्र उजाडला. माझी बदली होईपर्यंत तो पुन्हा समुद्रात जाऊ लागला होता, पण होडी मात्र त्याने पूर्वीच्या जागी कधी लावली नाही. ती तो खाडीच्या अंगाला, एकटीच, बांधत असे.

डी. एस. पी. साहेबांना बाजारातली हकीकत कळली. पोलीस खात्याची अब्रू गेली, असे त्यांनी मला लेखी कळवले. ते पत्र माझ्या सर्व्हिस बुकात आहे. त्यावर मी खुलासा दिला नाही.

पुढे पंचवीस-सव्वीस वर्षे नोकरी केली. संशयावरून माणसे पकडावी लागली, त्यातली कित्येक निर्दोष निघाली. ते टळत नाही. पण ज्या ज्या वेळी असे झाले, त्या वेळी मी एक नियम पाळला. सुटलेल्या माणसाला मागच्या दाराने जाऊ दिले नाही. गणवेश घालून, भर दिवसा, बाजाराच्या रस्त्याने मी स्वतः त्याच्याबरोबर त्याच्या घरापर्यंत चालत गेलो आणि त्याच्या उंबऱ्याशी, शेजारपाजारचे ऐकतील एवढ्या आवाजात, त्याचा काही गुन्हा नाही असे सांगून परत आलो.